सगळ्या गावाच्या भाकरी

माझी नोकरी पुण्याची, पण खुर्ची पिंगळीतली. त्या खुर्चीत लॅपटॉप घेऊन मी दिवसभर नेमकं काय करते, हे पप्पांना कधीच पटलेलं नाही. त्यांनी स्वतः रेल्वेतली सगळी नोकरी पूर्णेला काढली आणि निवृत्त होऊन आपल्या गावी, इथं पिंगळीला परतले. गावानं मान दिला, नको तेवढा दिला. पप्पा पारावर गेले, की लोक उठून जागा करायचे. “बसा, पाव्हणे.” जन्मगावात पाव्हणे! हे त्यांना फार लागायचं.

म्हणून मारुतीच्या सप्ताहात निरोप पोचवायचं काम मिळालं, तेव्हा ते हरखून गेले. आमच्याकडे पंगतीचं वरण देवळात शिजतं, भाकरी मात्र घरोघरच्या. रोज एका गल्लीची पाळी. निरोप मोबाइलवर जावा, म्हणून मी लॅपटॉपवर एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून दिला. ‘उद्या भाकरीची पाळी तुमची’ असा मजकूर फाइलीत लिहायचा, मग आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत स्क्रिप्टचं नाव, पुढे डॅश-जी (जी गल्लीचा) आणि गल्लीचं नाव. गल्ली सांगितली नाही, तर निरोप सगळ्या गावाला, कारण कीर्तनाची वेळ सगळ्यांनाच कळवावी लागते. पहिल्या दिवशी मीच टाइप करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पप्पा म्हणाले, “तू ऊठ. मी करतो.”

केलंही. पडद्यावर ‘निरोप गेला’ असं उमटलं आणि ते ऐटीत चहा प्यायले.

सकाळी आई भाकरी थापायला बसलेली. आज आपली पाळी कुठं, असं मी विचारलं, तर म्हणाली, “मेसेज आलाय की. मारुतीच्या कामाला का म्हणून इचारू न्हाई.” गावातल्या प्रत्येक बाईनं हाच विचार केला होता. दुपारी देवळात टोपल्यांवर टोपल्या आल्या. वरणाचं पातेलं नेहमीएवढंच आणि भाकरीचा ढीग मारुतीच्या खांद्याला लागलेला. आचारी कपाळाला हात लावून बसला. पप्पांनी चप्पल घातली आणि सरळ घर गाठलं.

“सांग देवळातल्या मंडळींना, हे काम दुसऱ्या कुणाला द्या,” ते म्हणाले. “पाव्हण्यानं पाव्हण्यासारखं राहावं.” मला फार वाईट वाटलं.

मी लॅपटॉप उघडून त्यांनी टाइप केलेली आज्ञा पाहिली. स्क्रिप्टच्या नावानंतर त्यांनी आधी लिहिलं होतं ‘श्री’, मग डॅश-जी, मग गल्ली. बरोबरच आहे. या माणसानं किराणाच्या चिठ्ठीवरही कधी श्री चुकवलेला नाही. पण शेलमध्ये, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, डॅश-जीसारखे पर्याय वाचणारं जे गेटऑप्ट्स असतं, ते मोठं हेकट. डॅश नसलेला पहिला शब्द दिसला, की पर्याय संपले असं धरतं आणि पुढचं वाचतच नाही. श्री बघून ते तिथंच थांबलं, गल्ली वाचायची राहिली आणि निरोप गावभर गेला. मी पोट धरून हसले. पप्पा हसले नाहीत.

तेवढ्यात शेजारची म्हातारी काठी टेकत ओसरीवर आली. पप्पांना तिनं लहानपणी कडेवर घेऊन फिरवलंय, पण एरवी तीसुद्धा ‘पाव्हणे’च म्हणायची.

“कुठं लपलास रे?” ती कडाडली. “माजं सगळं पीठ संपिवलास की! आमी तिकडं भाकरी कुस्करायलाव, फोडणी द्यायची हाय, आन् तू इथं नव्या सुनंवानी रुसून बसलायस व्हय? चल, ऊठ. कांदे चिर.”

पप्पा उठले. अख्खी दुपार ते देवळामागं बायकांच्या शिव्या खात कांदे चिरत होते. संध्याकाळी गावानं फोडणीची भाकर खाल्ली, आणि भरपूर उरली ती सकाळच्या न्याहारीला ठेवली.

मी तोवर स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली: पहिला शब्द श्री असेल, तर तो बाजूला ठेवून पुढचं वाच. पप्पा घरी आले ते कांद्यानं डोळे लाल करूनच. मी म्हटलं, “आता श्री चालतो. उद्याचा निरोप तुम्हीच पाठवा.”

ते बसले. एका बोटानं श्री लिहिला, डॅश-जी, गल्ली. एंटर दाबायच्या आधी थांबले.

“येताना पारावर टेकलो होतो,” ते म्हणाले. “आज कुणी उठलंच न्हाई.”