सलीमच्या प्रोग्रॅममधला कंस

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. माझ्या बाकी सगळ्या लबाड्या त्याला माहीत आहेत — काही तर तोच पाहुण्यांना रंगवून सांगतो. ही एक तेवढी राहिली. तुम्ही हसलात तरी चालेल. मलाही अधूनमधून हसू येतं — आणि मग येईनासं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याची, डिप्लोमा करून सांगलीत गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले होते. तिथं नवा कॉम्प्युटर आला, त्यावर ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, आणि त्या सॉफ्टवेअरच्या पोटातच बसवलेली एक छोटी भाषा — लिस्प. तिच्यात एकदा सूचना लिहून ठेवल्या, की दात किती, व्यास केवढा एवढंच विचारून मशीन अख्ख्या गिअरचं ड्रॉइंग आपोआप काढायचं. बोर्डावर वाकून त्यालाच आमची कंबर मोडायची! भाषा सगळी कंसांची. कंसात कंस, त्यात आणखी कंस; एक जरी कमी पडला तरी अख्खा प्रोग्रॅम अडायचा. सलीम म्हणायचा, "ताई, कृष्णाला एकच कंस हुता. आपल्याला बघा किती!"

सलीम कुंडलचा, माझ्या शेजारच्या टेबलावरचा ड्राफ्ट्समन. त्याला लिस्प मी शिकवलं — हे मी सगळ्यांना सांगत फिरायचे. सांगणं बंद कधी केलं? तो माझ्यापुढे गेला तेव्हा. माझा प्रोग्रॅम सरळ दातांचे गिअर काढायचा. त्याचा तिरक्या दातांचेही.

अशात मालक म्हणाले, पुण्याला ट्रेनिंगला एकालाच पाठवणार. शुक्रवारी दुपारी एका साखर कारखान्याचे साहेब येणार होते, आणि प्रोग्रॅम दाखवणार होता सलीम. म्हणजे ठरल्यातच जमा होतं — नाही का?

तो नमाजला गेला. ऑफिसात मी एकटीच. मी त्याची फाइल उघडली आणि — कसं सांगू — एक कंस पुसला. एकच. फाइल सेव्ह केली, आणि मग डबा खाल्ला. चवीनं खाल्ला. त्या वेळी मला काही वाटलं का? खरं सांगू? भूक लागली होती.

साहेब आले. सलीमनं प्रोग्रॅम सुरू केला आणि पडद्यावर नुसता एरर. त्यानं पुन्हा केला. पुन्हा तेच. त्याच्या कपाळावर घाम, मालक घड्याळ बघतायत, साहेब चहा ढवळतायत. मी त्याला थोडा वेळ शोधू दिलं — हो, शोधू दिलं! मग उठले, "बघू जरा" म्हणाले, ओळींवरून बोट फिरवल्याचं नाटक केलं आणि कंस टाकला. गिअर झरझर उमटला. टाळ्या पडल्या. मालकांनी तिथंच माझं नाव पुण्यासाठी सांगितलं.

बाहेर आल्यावर सलीम म्हणाला, "आवं ताई, तुमी नसता तर आज लाजच गेली असती माझी."

मी म्हणाले, "असू दे रे, होतं असं."

निघाले त्या दिवशी तो एसटी स्टँडवर आला, भडंगाचा भला मोठा पुडा घेऊन. कराडपर्यंत मी तो अर्धा संपवला.

ट्रेनिंगनंतर मला पुण्यातच नोकरी मिळाली, माझं चांगलं झालं. फार चांगलं झालं. सलीमचंही झालं, पण उशिरा. मधली बरीच वर्षं तो सांगलीच्या त्याच कारखान्यात, त्याच पगारावर. मग त्यानं स्वतःचं वर्कशॉप टाकलं. मागच्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न झालं. भर मांडवात त्यानं मला हाताला धरून नव्या व्याह्यांपुढं उभं केलं आणि ती सगळी गोष्ट सांगितली, माझ्या बोट फिरवण्यासकट. लय हुशार बाई, म्हणाला. सगळे कौतुकानं माझ्याकडे बघत होते. तोंड उघडायला याहून चांगली वेळ कुठली होती?

मी हसले. हात जोडले. नवरीनं वाकून नमस्कार केला, तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग सलीमनं आग्रह करून वाढलेली बिर्याणी दोनदा घेतली.