वेशीतला कंडक्टर

गावात कुणी पाहुणा आला की नाना त्याला वेशीच्या कमानीखाली उभा करायचे, हातातली किल्ली दगडावर दोनदा टकटक वाजवायचे आणि म्हणायचे, "चला, हात मझार ल्या." म्हणजे हात आत घ्या. पाहुणा गोंधळून हात खिशात घालायचा. मग बस सुटावी तसा नानांचा इतिहास सुटायचा.

सगळी नोकरी त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून धुळे–चाळीसगाव मार्गावर काढली होती. निवृत्त झाल्यावर बसायला काहीतरी हवे म्हणून ते वेशीच्या कट्ट्यावर बसू लागले, आणि बसता बसता वेस त्यांची झाली. मी त्या गावचा ग्रामसेवक. तुमच्यापैकी ज्यांनी खेड्यात नोकरी केली आहे त्यांनी असा माणूस नक्की पाहिला असेल. त्याला कुणी काही नेमलेले नसते, पण तो गेल्याशिवाय त्याचे काम काय होते ते कळत नाही.

वेस तशी साधी. काळ्या दगडाचे दोन बुरूज, मध्ये कमान, तीही अरुंद. लेख नाही, तारीख नाही. त्यामुळे नानांना मोकळे रान मिळाले होते. पाहुणा बुऱ्हाणपूरकडचा असला तर वेस फारुकींनी बांधलेली असायची, इंदूरचा असला तर होळकरांनी, नाशिकचा असला तर पेशव्यांनी. मला ते खटकायचे. मी एकदा म्हणालो, "नाना, एक काहीतरी ठरवा."

"भाऊसाहेब, पाव्हना कोठला शे ते पाहीसन राजा सांगना पडस. लांबना माणूस, त्याले त्याना स्टॉपवर उतारना पडस ना."

प्रेमाच्या भरात त्यांनी एकदा वेशीचे नुकसानही केले होते. डेपोत गाड्यांना दरवर्षी रंग मिळतो, मग वेशीने काय पाप केले आहे, असे म्हणून त्यांनी स्वतः शिडीवर चढून तिला एसटीचा लाल ऑइल पेंट फासला. गाव खूश होते. धुळ्याहून इतिहासाचे एक प्राध्यापक आले, त्यांनी लाल वेस पाहिली आणि परत गाडीत जाऊन बसले. नाना त्यांच्या मागे गेले. दोघांत काय बोलणे झाले ते कळले नाही, पण पुढचे दोन उन्हाळे नाना नारळाचा काथ्या आणि पत्र्याचा तुकडा घेऊन रंग खरवडत बसले. कुणी चिडवले की म्हणायचे, "रिझर्वेशन रद्द करी राहयनू."

मग रस्त्याचे निघाले. कापसाने भरलेला ट्रक कमानीतून जात नव्हता, व्यापारी बाहेरच थांबायचे आणि शेतकऱ्यांना बैलगाडीने माल वेशीबाहेर आणावा लागायचा. तक्रार खरी होती. वेस पाडून रस्ता रुंद करायचा ठराव मीच लिहायला घेतला. मी स्वभावाने अपराधी माणूस आहे. दुसऱ्याची गाडी चुकली तरी मला आपलेच काही चुकले असे वाटते. त्यामुळे ठराव लिहून झाल्यावर मीच नानांना जाऊन सांगितले. मला वाटले, ओरडतील. ते किल्लीशी खेळत राहिले.

"भाऊसाहेब, खरं सांगू? वेस कोनी बांधी, ते मालेबी माहीत नही. पन कोनी पाडी, ते बठ्ठास्ले, सगळ्या गावले, याद ऱ्हाई."

तरी ठराव ग्रामसभेपुढे ठेवावाच लागला.

ग्रामसभेला गर्दी होती. नाना उठले तसे सरपंच हात जोडून म्हणाले, "नाना, आज फारुकी नको."

"नही सांगत. फक्त इचारस, पोळाना तोरण कोठे बांधशात?"

आमच्याकडे पोळ्याला सगळे बैल सजवून वेशीबाहेर आणतात. कमानीत खाली आडवे तोरण बांधलेले असते, आणि ज्याचा बैल पहिला आत जाईल त्याला वर्षभराचा मान. मानाची घरे दोन, वरच्या आळीचे आप्पा आणि खालच्या आळीचे बापू. एक वर्ष याचे, एक वर्ष त्याचे.

"रस्त्यावर दोन बांबू रोवू," सरपंच म्हणाले.

"केवढा रुंद रस्ता?"

सरपंचांनी हात पसरून दाखवला.

"मंग दोन्ही बैल संगेच घुसतीन. वेशीमधून ते एका टाइमले एकच जास," नाना म्हणाले आणि खाली बसले.

मग आप्पा म्हणाले, "तसंही पहिला मान आमचाच होता. पाळी मागून पडली."

"कोणी सांगितलं?" बापू उभे राहिले.

दोनदा चहा झाला तरी ते भांडण मिटले नाही. पागोटी, पणजोबा, चोरीला गेलेली एक घुंगरमाळ, सगळे निघाले. शेवटी सरपंच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, तो कागद ठेवून द्या. गावामागच्या खळवाडीकडून ट्रक कसा येईल ते पाहा." ट्रक आता तिकडूनच येतात.

नाना आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, गेले. दुपारी कट्ट्यावरून घरी आले, पाणी प्यायले, आडवे झाले.

यंदाचा पोळा मी मुद्दाम पाहायला गेलो. पाळी आप्पांची होती. दरवर्षी नाना कमानीत उभे राहून हाताने इशारा करत, मगच बैल हलायचा. यंदा आप्पा थांबले होते, बापू थांबले होते, वाजंत्रीवाले दमले होते, आणि इशारा कुणी करायचा ते कुणाला कळत नव्हते. तेवढ्यात मागून एका म्हातारीचा गोऱ्हा दोरी सोडवून धावत आला, दोन मानाच्या बैलांमधून घुसला आणि तोरण गळ्यात घेऊन थेट गावात.

बापूंनीच पहिल्यांदा तोंड उघडले.

"नाना ऱ्हाता ते याले बिगरतिकीट धरता."

सगळे हसले. आप्पाही हसले. मग आधी बापूंनी नानांच्या रिकाम्या कट्ट्याकडे पाहिले, आणि त्यांच्या मागे एकेक करून बाकीच्यांनी.

तोरण नसलेल्या कमानीतून नंतर सगळे बैल एकामागून एक गेले. पहिला कोणाचा होता, ते कुणी पाहिले नाही.