गिरकीगडचे मामा

नंदुरबारला आमच्या गल्लीत एक शिंपी होते. त्यांच्यासमोर गिरकी घेतल्याशिवाय कपडा शिवून मिळत नसे. गळ्यात टेप असायची, मापंही घेत, पण शेवटी म्हणत, "आते एक गिरकी ले. कपडा काय नुसतं उभं ऱ्हावाले शिवतस?" परकर शिवायला आलेल्या पोरी तर हौसेने फिरतच, पण कोट शिवायला आलेल्या एका वकिलांनाही त्यांनी भर दुकानात फिरवलं होतं. मिरच्यांचा हंगाम होता, हवेत ठसका होता. वकील शिंकत शिंकत फिरले आणि मामांनी गंभीरपणे पाठीत अर्धा इंच वाढवला. आम्ही मुली त्यांना गिरकीमामा म्हणायचो.

मशीन चालू असलं की मामांचं तोंडही चालू असे. त्यांचा स्वतःचा एक गिरकीगड होता. तिथला राजा ठुमकसेन, राणी झालरबाई आणि सेनापती कातरखान. उसवणासुर नावाचा राक्षस नाचणाऱ्या राजकन्यांच्या शिवणी उसवत फिरायचा. सुरतेहून फुग्याच्या बाह्यांची फॅशन आली तेव्हा मामांनी माझ्या धाकट्या बहिणीला बजावलं, "या बाहीमा परीना पंख घडी करीसन ठेयेल शेतस. जास्ती हात हालाडू नको, उडी जाशी." ती बिचारी दोन दिवस हात अंगाला चिकटवून वावरली.

मला मात्र त्या दुकानात जायला नको वाटे. लहानपणी आलेल्या तापानंतर माझा डावा पाय आखूड राहिला होता. कुठलाही परकर डावीकडे जमिनीवर लोळायचा. भाद्रपदात गल्लीत गुलाबाईची मातीची मूर्ती बसली की पोरी रोज संध्याकाळी तिच्यापुढे टिपऱ्या खेळत आणि मी ओट्यावर बसून गाणी म्हणे. एका वर्षी उतरले होते, तर लोळणाऱ्या कडेवर माझाच पाय पडला आणि मी सगळ्यांदेखत आपटले. पोरी हसल्या. तरी मला खेळायचंच होतं, इतकं की टिपऱ्यांचा आवाज आला की रडू यायचं.

पुढच्या वर्षी महायुद्धामुळे कापड मिळत नव्हतं. कुठूनसं मिळालेलं छिट घेऊन आई मला मामांकडे घेऊन गेली. गिरकीची वेळ आली तशी मी मान हलवली. "मी पडेन."

"पडशी ते मी शे ना धराले," असं म्हणून मामांनी बोट पुढे केलं. ते बोट धरून मी आधी अर्धी फिरले, मग पूर्ण. मामा गुडघ्यावर बसून माझ्या जुन्या परकराची कड बघत होते. खडूने खूण करत एवढंच म्हणाले, "उसवणासुर डावीकडथून येस. तठे बंदोबस्त करना पडी."

त्या परकराची डावी बाजू त्यांनी चार बोटं वर घेतली होती. नेसला की कड चारी बाजूंनी सारखी दिसे. त्या वर्षी मी गुलाबाईपुढे खेळले. ताल दोनदा चुकला, कुणाच्या तरी बोटांवर टिपरी बसली, पण मी पडले नाही. पुढे मी शहाद्याच्या शाळेत उभी राहून शिकवलं, चारचौघांत वावरले, ते धाडस मला त्या संध्याकाळी मिळालं.

मामा गेल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेले तेव्हा मामी त्या परकराची आठवण काढून म्हणाल्या, "मी म्हने, डावी बाजू कापी टाका, तेवढामा एक टोपी व्हई. तेस्नी दुमडीसन ठेवी. म्हनेत, पोरना पाय बराबर व्हई गया ते परकर आखूड पडी."

माझ्या पायाची आशा वैद्यांनी सोडली होती, आईनेही सोडली होती. मामांनी मात्र कापडाच्या त्या टंचाईत त्या आशेसाठी चार बोटं राखून ठेवली होती. मी मामींच्या पाया पडले. मामांच्या पडायचं राहून गेलं.