तक्त्यातली कवळी

कुरियरच्या गोदामात तिला सगळे तक्तेबाई म्हणत. प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात सकाळी फेरीचा तक्ता पडे, तो तिने केलेला असे. संगणकावर कोरा तक्ता उघडायचा, त्याची नक्कल काढायची, वर ड्रायव्हरचं नाव, खाली थांबे, की पुन्हा पुढची नक्कल. मनगट भरून येई, पण चूक औषधालाही सापडत नसे. कुणी कुरकुर केलीच तर तिचं उत्तर ठरलेलं, "तक्त्यात आहे ना? मग करायचं."

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनीसाला ते बघवेना. "बाई, मॅक्रो लावा. आपण एकदा करून दाखवायचं, तो मुकाट बघतो आणि मग सगळ्यांसाठी हुबेहूब तसंच करतो."

"हुबेहूब?"

"तुम्ही शिंकलात तर तेवढं सोडेल."

त्याने रेकॉर्डिंग सुरू करून दिलं. तक्तेबाई श्वास रोखून एकेक रकाना भरू लागली, तोच फोन वाजला. नवरा होता. "अगं, आईची कवळी तयार झालीय. चौकातल्या दातांच्या दवाखान्यातून आज आणायचीय. विसरशील, लिहून ठेव."

कागद हाताशी नव्हता. शेवटच्या थांब्याखाली जागा मोकळी होती. तिने तिथेच लिहिलं, 'चौकातल्या दवाखान्यातून सासूबाईंची कवळी आणणे.' मग रेकॉर्डिंग बंद केलं, कागद शोधून त्यावर ते उतरवून घेतलं आणि तक्त्यातली ती ओळ पुसून टाकली.

मॅक्रोने लिहिताना पाहिलं होतं. पुसताना पाहिलं नव्हतं.

नावं आणि थांबे यादीतून आपोआप उचलायची सोय हिशेबनीसाने जोडून दिली, बटण दाबलं, आणि चहा निवायच्या आत सगळे तक्ते तयार! तक्तेबाई इतकी हरखली की वरची नावं तेवढी पाहून तिने ते वाटूनही टाकले.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. "बाई, तुम्हाला एकूण सासवा किती?"

"एकच. का हो?"

"जिन्यापर्यंत ड्रायव्हरांची रांग लागलीय. पहिला कवळी घेऊन गेला, बाकीचे हलायला तयार नाहीत. तक्त्यात आहे म्हणतात!"

तक्तेबाईची दातखीळच बसली. ती धावत चौकात पोचली, तर एक आडदांड ड्रायव्हर डॉक्टरांना बजावत होता, "रिकाम्या हाताने पाठवताय, तर तसं लिहून द्या. बाई आम्हाला सोडायची नाही."

तिने सगळ्यांपुढे हात जोडले. "अरे बाबांनो, माझी सासू! माझी!"

"आता सांगताय?" मागून कुणीतरी म्हणालं. "पहिला गेला की त्याच्या सासुरवाडीला."

आणि खरंच तो गेला होता. त्याच्या सासूचे दात खणखणीत होते. जावयाने पुढे केलेली डबी उघडून पाहिली मात्र, तिने दार लावून घेतलं. तक्तेबाईने त्या बंद दाराशी उभं राहून सगळी हकीकत सांगितली, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं आणि कवळी बाहेर आली. पाठोपाठ जावयाला जेवायचं आमंत्रणही.

घरी सासूबाईंनी कवळी गरम पाण्यातून काढली, तोंडात बसवली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"सूनबाई, माझा चष्माही आणायचाय गं. टाक की तक्त्यात."

"आई, तो मी स्वतः आणेन," तक्तेबाई म्हणाली.