ड्रायव्हरकाकांचं गप्प बसणं

त्या घरात मोबाइलला रेंज यायची ती एकाच ठिकाणी, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. म्हणून थोरल्या लेकीनं आपलं ऑफिस तिथेच थाटलं. एका बाजूला शेगडी, दुसऱ्या बाजूला भांड्यांचं कपाट, मध्ये लॅपटॉप आणि गळ्यापर्यंत स्वेटर घालून बसलेली ती. डोंगराखाली, लांबच्या शहरात एक मोठं इस्पितळ होतं. तिथल्या पेशंटचे फोन या खिडकीत यायचे. कुठला डॉक्टर कधी भेटेल, उपाशी यायचं की खाऊन, हे ती सांगायची. पलीकडच्या माणसाला वाटायचं, बाई इस्पितळाच्या काउंटरवर बसली आहे. बाईनं मात्र कुकरची शिट्टी काढून मांडीवर ठेवलेली असायची, भलत्या वेळी वाजू नये म्हणून.

आई गेल्यावर ती बाबांजवळ राहायला आली. त्याआधी बाबांना शहरात नेऊन झालं होतं. चार दिवस ते तिच्या गॅलरीत उभे राहिले आणि म्हणाले, "खाली बघावं तर नुसती माणसांची डोकी. दरी कुठाय?" पाचव्या दिवशी पिशवी भरून तयार. मग तीच वर आली. ऑफिसनं घरून काम करायची मुभा दिली, ही तिला देवाचीच कृपा वाटली होती.

बाबांनी उभा जन्म घाटात बस चालवली. सगळं गाव त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचं. इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय, त्यात एक कान अधू. ते कुजबुजले तरी दोन घरं सोडून कुणीतरी "हो" म्हणायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून घाटाचं शेवटचं वळण दिसे. वळणावर गाडी आली की बाबा खुर्चीतून अर्धे उठत. "आली बघ! अरे, खालचा गिअर टाक, शहाण्या! आजच चालवायला शिकलास काय?" पाय फरशीवर क्लच दाबत असायचा.

थोरली हातानं खुणा करायची, डोळे वटारायची. बाबा कानाला हात लावून माफी मागायचे, आणि पुढच्या गाडीला पुन्हा तेच.

एक दिवस मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे तिची वरिष्ठ. सगळे कॉल रेकॉर्ड व्हायचे.

"एका पेशंटची तक्रार आलीय. तो रक्ताच्या तपासणीचं विचारत होता, तर तिकडून कोणीतरी ओरडलं, ब्रेक मार, ब्रेक! कोण आहे ते?"

"वडील आहेत, मॅडम."

"तुझ्या कामाला नावं ठेवायला जागा नाही गं. पण पुन्हा असं झालं तर इथे येऊन बसावं लागेल. ते जमणार नसेल तर तुझं तू बघ."

खाली जावं तर बाबा एकटे पडणार. नोकरी सोडावी तर घर कशावर चालणार? त्या भरात ती बोलून गेली, "बाबा, तुमच्या या तोंडापायी माझी नोकरी जाईल एक दिवस!"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "एवढंच ना? मग गप्प बसतो. त्यात काय."

दुसऱ्या दिवसापासून ते तिची ड्यूटी सुरू व्हायच्या आत मफलर गुंडाळून खाली बसस्टँडवर जाऊ लागले. घर कसं चिडीचूप झालं. कॉल स्वच्छ जायचे, मॅडमनी शाबासकी दिली. संध्याकाळी बाबा येत, खाली मान घालून जेवत, झोपत. थोरलीला वाटलं, दिवसभर स्टँडवर गप्पा हाणून दमत असतील. जुने सोबती, चहा, आणखी काय हवं?

थंडी वाढली. एका दुपारी दाट धुकं उतरलं आणि रेंजच गेली. काम ठप्प. थोरली शाल घेऊन बाबांना आणायला निघाली. स्टँडवर बघते तर बाबा कोपऱ्यातल्या बाकावर एकटेच. समोर एक पोरगेला ड्रायव्हर गाडी मागे घेताना खांबाला घासत होता आणि बाबा दोन्ही हातांची घट्ट घडी घालून, ओठ मिटून नुसते बघत होते.

चहावाला पुढे आला. "ताई, काकांना जरा बोलायला सांगा हो. किती दिवस झाले, येतात आणि नुसते बसतात. आम्हाला शिव्या खायची सवय, आम्हालाच करमत नाही."

"इथेही बोलत नाहीत?"

"मी विचारलं ना! तर म्हणाले, इथे सैल सोडलं तर घरीही तोंड सुटेल. प्रॅक्टिस करतोय म्हणे, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

परतीच्या चढावर थोरलीला रडू आवरेना.

"काय गं, धाप लागली?" बाबांनी विचारलं, तेही इतक्या हळू, की आवाज त्यांचा वाटेना.

त्या संध्याकाळी तिनं देवापुढे हात जोडले. मागितलं काहीच नाही, नुसती उभी राहिली. सकाळी मॅडमना फोन लावला. "लिहिण्याचं काही काम आहे का? ज्यात बोलावं लागत नाही असं?"

"पेशंटच्या ईमेलना उत्तरं द्यायची आहेत. पण पगार कमी, आणि काम रटाळ. ते कुणी मागून घेत नाही."

"मला द्या."

"का गं? आता तर तुझ्याकडे अगदी शांत असतं."

"म्हणूनच, मॅडम."

बाबांना तिनं सांगितलं, "आता बोला. हवं तेवढं बोला." त्यांचा विश्वास बसेना. कितीतरी दिवस तोंड उघडायच्या आधी ते तिच्या कानाकडे बघायचे, हेडफोन आहे का म्हणून. मग एका सकाळी वळणावर गाडी आली. हॉर्न न देताच वळली. "अरे हॉर्न दे, हॉर्न! सासरा बसलाय का पलीकडे?" शेजारची खिडकी उघडली. "काका, बरं वाटतंय ना आता?" शेजारीण हसून म्हणाली.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. थोरली म्हणते, जन्मभरात भेटले नसतील एवढे बाबा मला त्या खिडकीपाशी भेटले. आईला त्यांनी पहिल्यांदा बघितलं ते बसच्या आरशात, हे तिला तिथेच कळलं. आई मागच्या सीटवर बसून पूर्ण घाटभर डोळे मिटून जप करत होती, आणि बाबांनी आपल्या ड्रायव्हिंगचा तो अपमान मानला होता. "पुन्हा गाडीत बसली तेव्हा म्हटलं, बाई, डोळे उघडा, एवढं वाईट चालवत नाही मी!"

बाबा बोलायचे, थोरली टाइप करायची. आणि एकदा व्हायचं ते झालंच. एका म्हाताऱ्या पेशंटला उत्तर पाठवलं: 'सोमवारी सकाळी या. काही न खाता या. डावीकडे बसू नका, खिडकीतून गार वारा लागतो.' शेवटचं वाक्य बाबांचं होतं. बोटांनी परस्पर उचललं होतं. लक्षात आलं तेव्हा मेल गेला होता. आता मॅडम, आता तक्रार, म्हणून सोमवारभर तिच्या जिवात जीव नव्हता.

मंगळवारी त्या आजोबांचं उत्तर आलं. 'तपासणी झाली. उजवीकडे बसलो होतो. वारा लागला नाही. आभारी आहे.'

थोरलीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. वाटलं होतं, बाबा पोट धरून हसतील. पण बाबा खुर्ची ओढून अगदी जवळ आले, चष्मा नीट केला, कधी नव्हे ते गंभीर झाले.

"त्यांना विचार," ते म्हणाले, "कुठल्या गाडीनं आले? आणि चालवत कोण होता?"

थोरलीनं खरंच विचारलं.