विद्यार्थी भाड्यातला खंडेराव

माझं नाव खंडेराव आहे आणि मी भित्रा माणूस आहे. दोन्ही गोष्टी एकदमच सांगून टाकलेल्या बऱ्या, कारण नुसतं नाव ऐकून लोक माझ्याकडून भलत्याच अपेक्षा ठेवतात. मी पालीला भितो, रजिस्टर पोस्टाला भितो आणि नाशिक रोड स्टेशनच्या सरकत्या जिन्याला तर इतका भितो की डोक्यावर बॅग असली तरी साध्या पायऱ्यांनीच चढतो. अशा माणसाच्या मुलीला जर्मनीहून बोलावणं आलं.

ऋतुजा, आमची एकुलती एक, पुण्याला हॉस्टेलवर राहून शिकते. फळांवर प्रक्रिया करण्याचं शिक्षण. उन्हाळ्यात सहा आठवडे जर्मनीत द्राक्षांचा अभ्यास करायला तिच्या कॉलेजातून दोघांचीच निवड झाली. (नाशिकच्या पोरीने द्राक्षं शिकायला जर्मनीला कशाला जायचं, असं मी एकदा विचारलं होतं. परत विचारलं नाही.) राहणं-खाणं तिकडचे लोक बघणार, विमानाचं मात्र आपलं आपण बघायचं. मी शाळेत क्लार्क. नेहमीचं भाडं आमच्या आवाक्यातलं नव्हतंच. आवाक्यात होतं ते एकच, विद्यार्थी भाडं. ते मिळालं तर पोरगी जाणार, नाहीतर घरी बसून द्राक्षं खाणार.

तिने फोनवर बजावलं होतं, "पप्पा, तिकीट तुम्ही काढू नका. मी शनिवारी येते, मी काढते. तुम्ही फक्त भाड्यावर लक्ष ठेवा."

लक्ष ठेवणं हे काम मला जमतं. पण आमचे शेजारी पगारेकाका यांनी त्यातही भीती घातली. त्यांचा मुलगा दुबईला असतो, त्यामुळे विमानातलं सगळं त्यांना कळतं. ते म्हणाले, भाडं सारखं बघू नका, बघितलं की वाढतं. माणूस गरजू आहे हे त्या मशीनला कळतं. वर हेही सांगितलं की मोबाईल आपलं बोलणं ऐकतो.

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात जर्मनी हा शब्द बंद झाला. मोबाईलला कळू नये म्हणून आम्ही जर्मनीला 'मामाचं गाव' म्हणू लागलो. बायको पोळ्या लाटता लाटता हळूच विचारायची, "मामाच्या गावाचं काय म्हणतंय?" मीही चेहरा अगदी निर्विकार ठेवून, आपल्याला काही जायचंबियचं नाही अशा थाटात, दिवसातून एकदाच भाडं बघायचो. एकदा तर मशीनला फसवायला म्हणून मी आधी दहा मिनिटं नेपाळची भाडी बघितली. जर्मनीचं भाडं तरी वाढलंच.

बुधवारी दुपारी मधल्या सुट्टीत बघितलं, तर भाडं धाडकन उतरलेलं, आणि खाली लाल अक्षरांत लिहिलेलं की शेवटच्या दोन जागा शिल्लक. ऋतुजाला फोन लावला, ती प्रॅक्टिकलला, फोन बंद. बायकोला लावला. ती म्हणाली, "अहो, काढून टाका की! शनिवारपर्यंत मामा थांबणार आहे का?"

मी काढून टाकलं. नावासाठी दोन रकाने होते. वरच्या रकान्यात पहिलं आणि मधलं नाव मागत होते, खालच्यात शेवटचं. आता हे मला कुणी शिकवायला नको. एकतीस वर्षं मी शाळेचं जनरल रजिस्टर लिहितोय, हजारो दाखले माझ्या हातून गेलेत. दाखल्यावर पहिलं येतं आडनाव, मग मुलाचं नाव, शेवटी बापाचं. वरच्या रकान्यात मी लिहिलं गांगुर्डे ऋतुजा. खालच्यात लिहिलं खंडेराव. पैसे भरले, तिकीट आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण नावाला जागलो.

हे वाटणं दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकलं. तिकीट छापून घ्यायला मी बिटको चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याने कागद हातात धरला, माझ्याकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं.

"काका, जर्मनीला तुम्ही चाललात का?"

"नाही रे. मुलगी."

"मग इथे मिस खंडेराव कोण?"

त्यानेच मग समजावून सांगितलं की शेवटचं नाव म्हणजे त्यांच्यात आडनाव. म्हणजे तिकिटाप्रमाणे प्रवासी होती खंडेराव घराण्यातली कुणी एक गांगुर्डे ऋतुजा. मी घाईघाईने हसलो, कागद घडी करून खिशात घातला आणि घरी न जाता पगारेकाकांकडे गेलो. एका मित्राचं असं झालंय, असं सांगून विचारलं. (मित्र घाबरट आहे, हेही सांगितलं.)

"पासपोर्टवरच्या नावाशी जुळलं नाही तर विमानतळाच्या दारातूनच परत पाठवतात," काका म्हणाले. "आणि विद्यार्थी भाडं असेल तर नाव बदलत नाही, पैसेही परत नाहीत. मित्राला सांगा, गेलं ते."

ती रात्र मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. शुक्रवारी शाळेतून विमान कंपनीला फोन लावला. पाऊण तास फोनवरची बासरी ऐकल्यावर एका मुलीने गोड हिंदीत सांगितलं की नाव बदलता येणार नाही. मी म्हटलं, बाई, नाव बदलायचंच नाहीये, तीच नावं आहेत, फक्त जागा बदलायच्यात. तिने पुन्हा बासरी लावली.

मग माझ्या डोक्यात आलं, तिकीट बदलत नाही ना, मग मुलगी बदलू! राजपत्रात नाव बदलण्याचे अर्ज आमच्या ऑफिसात असतातच. एक काढला आणि भरायला घेतला. जुनं नाव लिहिलं, नवीन नाव लिहिलं. नाव बदलण्याचं कारण या रकान्याशी आलो आणि थांबलो. तिथे काय लिहिणार, बापाची अक्कल?

घरी जेवण जाईना. बायकोला वाटलं बीपी वाढलं, तिने लोणचं बंद केलं. वणीची देवी आमची कुलदेवी. तिला मी मनातल्या मनात नवस बोललो, आई, तेवढं नाव जुळव, रोप-वेत न बसता सगळ्या पायऱ्या चढून येईन. (तसाही मी भीतीने रोप-वेत बसत नाही. पण देवीपासून काय लपतं!) पोरीने दोन वर्षं रात्रंदिवस अभ्यास केला होता, आणि मी दोन रकान्यांत तिचं सगळं घालवलं होतं. दुसऱ्या तिकिटाला पैसे नव्हते. तिला कोणत्या तोंडाने सांगायचं, हेच कळेना.

शनिवारी ऋतुजा आली. चपला काढायच्या आत बायकोने सांगून टाकलं, "अगं, पप्पांनी बुधवारीच तिकीट काढलं!"

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. बॅग तिथेच टाकली आणि खुर्चीवर बसली.

"पप्पा, काढू नका म्हटलं होतं ना. नाव कसं टाकलंत?"

मला वाटलं, हिला सगळं कळलं. मी खिशातून ती घडी काढली, तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "बाळा, चुकलो मी. दाखल्यासारखं लिहिलं. आडनाव पुढे, माझं नाव शेवटी. माफ कर मला."

तिने कागद उलगडला. एकदा वाचला. दुसऱ्यांदा बोट ठेवून वाचला. मग "खरंच चुकवलंत!" असं ओरडून तिने माझ्या गळ्यात हात टाकले.

चूक केल्याबद्दल एवढं कौतुक मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं. तिने पर्समधून पासपोर्ट काढून माझ्या हातात दिला. आडनाव खंडेराव. नाव गांगुर्डे ऋतुजा. दोन वर्षांपूर्वी पासपोर्टचा अर्ज कुणी भरला होता? मीच! आधार कार्डावर सगळं नाव एकाच ओळीत, त्यामुळे तिथेही कुणाला शंका आली नव्हती. पासपोर्ट घरी आला तेव्हा ऋतुजाने मला फोटो दाखवला होता, पण नावावर अंगठा ठेवून. "तुम्ही उगाच घाबरला असता," ती म्हणाली. व्हिसा, कॉलेजची पत्रं, सगळं तिने मुकाट्याने त्याच नावाने करून घेतलं होतं. आता तिला एकच भीती होती, की पप्पा या वेळेस नाव बरोबर लिहून बसतील.

"म्हणजे मी हुशारी केली असती तर?" मी विचारलं.

"तर मी घरी बसले असते," ती म्हणाली.

देवीने तिकिटातलं नाव बदललं नाही. तिने दोन वर्षं आधीच पासपोर्टात सोय करून ठेवली होती. मी सगळ्या पायऱ्या चढून गेलो.

जर्मनीला पोचल्यावर आठवड्याने ऋतुजाचा फोन आला. म्हणाली, इथे सगळे मला मिस खंडेरावच म्हणतात, हजेरीलासुद्धा. बायको इतकी हसली की तिला बसावं लागलं. मला मात्र जरा भरूनच आलं. आमच्या घरातला एक खंडेराव विमानात बसला, परक्या देशात उतरला, आणि कुठेही घाबरला नाही. दुसरा खंडेराव तिला मुंबईच्या गाडीत बसवायला गेला होता तेव्हा ती सरकत्या जिन्याने वर पोचून पाच मिनिटं त्याची वाट बघत उभी होती. तो साध्या पायऱ्यांनी येत होता.