एकशे सत्तावीस दात्यांचे चाक

आमच्या इमारतीच्या पंपाचा दांडा तुटला आणि दोन दिवस नळ कोरडे पडले. नव्या दांड्यावर आटे पाडून घ्यायला मी गफूरभाईंच्या वर्कशॉपात गेलो. आटे मिलिमीटरच्या मापाचे हवे होते आणि त्यांचा जुना लेथ इंचाचा. मी शंका काढली, तेव्हा ते हसले. "लेथला काय विचारता साहेब, मला विचारा."

त्यांनी भिंतीवरचे एक मोठे चाक काढून लेथला बसवले. मी सवयीने दाते मोजले, एकशे सत्तावीस. मनात हिशेब केला. पाच इंच म्हणजे बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर, दशांशही उरत नाही. दोन मापांचा मेळ कुणीतरी एका चाकात बसवून ठेवला होता.

प्रत्येक फेरीनंतर गफूरभाई आटे कापणारे हत्यार दांड्यापासून बाहेर घेत आणि अख्खे मशीन उलटे फिरवून सावकाश सुरुवातीला आणत.

"हत्यार चाकांशी जोडणारा तो खटका सोडून हातानेच मागे ओढा की," मी म्हणालो. "वेळ वाचेल."

"वेळ वाचेल, पण हत्यार पुन्हा त्याच चरात पडेल याचा भरवसा नाही. दांडा गेला, तर मग बसा आंघोळीवाचून."

चौदा वेळा ते तसेच, आल्या वाटेने परत गेले. मीही काटेकोर माणूस, पण घाईच्या वेळी एवढा धीर माझ्याकडे नसतो.

शेवटी त्यांनी नट लावला. दोन बोटांनी फिरवताच तो कुठेही न अडखळता थेट मुळापर्यंत गेला.